चार हात जमीन

नागपूरच्या इतवारीतून पहाटे चारला निघू, असं मी म्हटलं होतं. मामीने उजाडेपर्यंत उंबरा ओलांडू दिला नाही. "अंधारात पायाखाली काय येते ते दिसते का? मग घाई काऊन करतेस?"

डिसेंबरातली थंडी होती. आम्ही अकरा जण, तीन दिवस आणि दोन मुक्काम. वाट कामठी, कन्हान, मनसर, रामटेक अशी. रामटेक म्हटलं की नागपूरकराला गडावरचा राम, कालिदास नाहीतर खिंडसीचा तलाव आठवतो. आम्हाला गडाखालच्या जैन मंदिरातल्या शांतिनाथांकडे जायचं होतं.

मामीच्या मनात हे चालणं बऱ्याच दिवसांपासून होतं. 2017 साली दिगंबर जैन आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास रामटेकला होता, तेव्हा ती हातात कलश घेऊन पडगाहनाला, म्हणजे मुनींना आहारासाठी बोलवायला, उभी राहिली होती. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. निघताना मनात एक विधी, म्हणजे अट, धरतात आणि तो कुणाला सांगत नाहीत. तो जिथे जुळेल तिथेच थांबतात. महाराज मामीसमोरून पुढे गेले. 18 फेब्रुवारी 2024 ला डोंगरगडच्या चंद्रगिरीवर त्यांची समाधी झाल्याची बातमी आली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता पायी जाईन."

जबलपूर रोडवर ट्रक अंगावर आल्यासारखे जातात. आम्ही कडेच्या मातीतून चाललो. पुढची चार हात जमीन पाहूनच पाऊल टाकायचं, ही मुनींची ईर्या समिती, म्हणजे चालण्याचा नियम. पहिल्या तासात माझी मान भरून आली. मग हळूहळू दिसायला लागलं. कन्हानच्या अलीकडे तुरीचा दाणा ओढत नेणाऱ्या मुंगळ्यांची रांग वाट ओलांडत होती. अकराही जण थांबलो आणि एकेक करून लांब ढांग टाकून पलीकडे गेलो. पावसाळ्यात तर जमीन अशा जीवांनी भरलेली असते, म्हणूनच मुनी चार महिने एका जागी राहतात. हे लहानपणापासून ऐकत होते, पण त्या रांगेपाशी ते मला खरं वाटलं.

दुपारी चारलाच चालणं थांबे, कारण साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जेवण त्याआधी व्हायला हवं. कांदा, लसूण, बटाटा काहीच नाही, तरी ताज्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात असा झाला होता की मी तीनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मनसरच्या अलीकडे एका शेतातल्या विहिरीवर पाणी काढलं. मामीने जाड सुती गाळणं दुहेरी करून भांड्यावर धरलं आणि सावकाश पाणी ओतलं. मला तहान लागली होती, टाचेला फोड आला होता. मी म्हटलं, "मामी, आण ना लवकर." तिने मान वर केली नाही. गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतलं आणि ती जिवाणी, म्हणजे गाळण्यात अडकलेल्या जिवांसकटचं पाणी, छोट्या बादलीत घेतली. मग दोर इतका हळू सोडला की बादली पाण्याला टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. शेतवाली बाई काठावर उभी राहून बघत होती. "ताई, पाणी परत काऊन टाकता?"

"ज्या विहिरीतले जीव, त्याच विहिरीत," मामी म्हणाली.

बाईने वाकून विहिरीत पाहिलं. मीही पाहिलं. मग पाणी उकळून गार होईपर्यंत आम्ही तिघी तिथेच बसलो.

तिसऱ्या दिवशी मनसरपासून मामी अनवाणी चालली. वाटेत तिने एक जुनी गोष्ट सांगितली. भोसले राजे रामाच्या दर्शनाला आले, पण सोबतचा जैन मंत्री जेवेना. जिनदर्शनाशिवाय अन्न घ्यायचं नाही, असा त्याचा नेम होता. म्हणून जंगलात शोध घेतला आणि शांतिनाथ सापडले.

मूर्ती पिवळसर पाषाणाची, उभी, माणसाच्या दुपटीहून उंच. तीन दिवस खाली पाहून चालल्यामुळे माझी नजर आधी पायांवर गेली. मग गुडघे, सरळ सोडलेले हात, खांदे, आणि अगदी शेवटी चेहरा. सोळावे तीर्थंकर, लांछन म्हणजे ओळखीचं चिन्ह हरीण. मामीने णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फुटला. मी तिचा हात धरला. तळव्याला दोराचा वळ होता.

परतीला बस घेतली. मामीने ओलं गाळणं गुडघ्यावर पसरलं होतं. कन्हानचा पूल येईपर्यंत ते वाळलं, तेव्हा तिने त्याची नीट घडी घातली.