आमची वाटचाल: सायकलच्या तारेपासून डिग्री डिस्कपर्यंत

जुन्या मोटरसायकलींचं काम सुरू केलं तेव्हा टायमिंगसाठी, म्हणजे स्पार्क नेमक्या क्षणी पडावा यासाठी, आमच्याकडे तीनच वस्तू होत्या: सायकलच्या चाकाची तार, सिगारेटचा कागद आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). प्लगच्या भोकातून तार पिस्टनवर टेकवायची, पिस्टन अगदी वर आला की तारेवर खूण करायची, तिथून पुस्तकातलं माप मागे घ्यायचं आणि पॉइंटमध्ये (उघडताच स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांत) धरलेला कागद नेमका तिथे सुटतो का ते बघायचं. पुष्कळ गाड्या अशाच चालू झाल्या आणि चांगल्या चालल्या. पण काहींची किक उलटी यायची, काहींचा एक्झॉस्टचा बेंड पाइप निळा पडायचा, आणि माप मात्र पुस्तकाबरहुकूम असायचं. हा फरक कुठून येतो ते शोधता शोधताच आमची कामाची पद्धत घडत गेली.

पहिली चूक सापडली ती तारेत. प्लगचं भोक तिरकं असेल तर तारही तिरकी सरकते. भोक उभ्या रेषेपासून ३० अंशांत असेल, तर पिस्टन सरळ ८.९ मिमी खाली गेल्यावर तार १०.३ मिमी सरकते. तारेवर ८.९ मोजून थांबलात तर पिस्टन अजून बराच वर असतो, म्हणजे टायमिंग तितकं रिटार्ड (उशिराचं) बसतं. पिस्टनचा माथा घुमटासारखा असेल तर हा हिशेबही जुळत नाही. म्हणून तिरक्या भोकाच्या इंजिनावर आम्ही तार बंद केली आणि क्रँकवर डिग्री डिस्क (अंश आखलेली चकती) लावायला लागलो.

डिस्क लावली तरी टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा, अचूक सापडला पाहिजे, आणि तो बोटांना कळत नाही. ८० मिमी स्ट्रोक आणि १६० मिमी कनेक्टिंग रॉड असलेलं इंजिन घ्या. टीडीसीआधी ३५ अंशांवर पिस्टन ८.९ मिमी खाली असतो आणि तिथे एका अंशाला जवळपास अर्धा मिमी हलतो. टीडीसीजवळ मात्र क्रँक ५ अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.२ मिमी हलतो. डायल गेजचा काटाही तिथे थबकल्यासारखा वाटतो. यावर उपाय म्हणजे स्टॉप. जुन्या प्लगमधली चिनी माती काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवायचा आणि तो भोकात फिट करायचा. क्रँक हाताने, अगदी हलका फिरवून पिस्टन एका बाजूने टेकवायचा आणि डिस्कवर खूण करायची. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवायचा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. स्टॉप लावलेला असताना किकला पाय लावायचा नाही, पिस्टनला भोक पडेल.

आता क्रम. आधी गॅप (पॉइंटमधली फट), मग टायमिंग. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग ॲडव्हान्स (लवकरचं) होतं. शिवाय चार स्ट्रोकच्या इंजिनात पॉइंटचा कॅम सहसा क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे पॉइंटवरची १ अंशाची चूक क्रँकवर २ अंशांची होते. लुकास मॅग्नेटोला (बॅटरीशिवाय स्पार्क देणाऱ्या यंत्राला) आम्ही ०.३० मिमी ठेवतो, बॅटरीवरच्या कॉइल इग्निशनच्या बुलेटला ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंटवर खड्डा आणि समोर उंचवटा झाला असेल तर फिलर गेज उंचवट्यावर टेकतो आणि गॅप खोटा दाखवतो. असे पॉइंट तेलदगडावर सपाट करतो किंवा बदलतो.

पॉइंट नक्की कधी उघडले हे कॉइलच्या गाडीवर बल्बने कळतं: पॉइंटच्या तारेपासून बॉडीपर्यंत बल्ब जोडून इग्निशन चालू केलं की उघडताक्षणी तो लागतो. मॅग्नेटोवर हा बल्ब फसवतो. तिथल्या प्रायमरी वाइंडिंगचा रोध साधारण अर्धा ओहम, त्यामुळे पॉइंट उघडे असोत की बंद, बल्ब जवळपास तसाच जळतो. तिथे लहान रोध दाखवणारा मीटर लागतो, नाहीतर आपला कागद. कागद ओढल्यावर त्याचे तंतू पॉइंटमध्ये राहतात, ते पुसून घ्यायचे. तेवढ्याशा कचऱ्यानेही स्पार्क जातो.

मॅग्नेटोच्या पिनियनमध्ये (तो फिरवणाऱ्या गिअरमध्ये) सर्वांत जास्त हात पोळतात. अनेक इंजिनांत तो चावीशिवाय (जागी धरणाऱ्या खिळीशिवाय) नुसत्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या शाफ्टवर, बसतो. पुलरने सैल करायचा, टायमिंगचा लिव्हर पूर्ण ॲडव्हान्सला घ्यायचा, पिस्टन मापावर आणायचा. आणताना इंजिन चालण्याच्या दिशेनेच फिरवायचं. माप ओलांडलं तर बरंच मागे जाऊन पुन्हा यायचं, नाहीतर गिअरमधली ढील मापात शिरते. मग आर्मेचर (मॅग्नेटोचा आतला फिरणारा भाग) चालीच्या दिशेने पॉइंट उघडेपर्यंत फिरवायचा, पिनियन टेपरवर दाबायचा, नळीने हलकेच ठोकायचा आणि नट आवळायचा. टेपर कोरडा हवा, तेलाचा थेंबही नको. नट आवळताना पिनियन थोडा सरकतोच, म्हणून इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा तपासणं आम्ही कधीच टाळत नाही. दोन सिलेंडरच्या इंजिनात झिजलेल्या कॅम रिंगमुळे (मॅग्नेटोत पॉइंट उघडणाऱ्या कड्यामुळे) दोन्ही बाजूंचे अंश वेगळे येतात. तिथे जी बाजू लवकर उघडते ती मापावर बसवतो आणि दुसरी थोडी मागे राहू देतो. रिटार्ड इंजिन तापतं, सुस्त होतं; जास्त ॲडव्हान्स झालेलं पिस्टन जाळतं.

जॉब कार्डावर आम्ही एक रकाना मुद्दाम घातला: माप पूर्ण ॲडव्हान्सचं की पूर्ण रिटार्डचं. बीएसए एम२० चं माप ७/१६ इंच, म्हणजे सुमारे ११ मिमी, ते लिव्हर पूर्ण ॲडव्हान्स असताना. बुलेट ३५० चं ०.८ मिमी, ते ऑटो ॲडव्हान्सची (वेग वाढला की टायमिंग आपोआप पुढे नेणाऱ्या यंत्रणेची) वजनं मिटलेली, म्हणजे पूर्ण रिटार्ड असताना. हे न बघता बसवलेलं टायमिंग आकडा बरोबर असूनही पार चुकतं. ऑटो ॲडव्हान्स उघडा धरायला पाचर लावली असेल तर ती काढल्याचीही नोंद कार्डावर होते.

शेवटी गाडी चालू करून स्ट्रोब लाइट (प्रत्येक स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) टायमिंगच्या खुणेवर मारतो. खूण एका जागी न थांबता दोन ठिकाणी नाचत असेल तर कॅमचा शाफ्ट किंवा बुश ढिला आहे, आणि टायमिंग कितीही हलवलं तरी ते बसणार नाही. नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला लवकर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू रिटार्ड होतं. म्हणून नवे पॉइंट घातलेली गाडी पहिल्या ५०० किमीनंतर परत बोलावतो, कॅमला तेल पुरवणाऱ्या फेल्टला तेलाचे दोन थेंब देतो आणि गॅप बसवून अंश पुन्हा मोजतो.