आमची वाटचाल : तुटका तुकडा घेऊन या

जालन्याच्या मोंढ्याजवळ अण्णांनी दुकान टाकलं तेव्हा नटबोल्ट किलोवर जायचे. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात बोल्ट, वर चार वायसर फुकट. माल भरायला अण्णा रात्रीच्या देवगिरीनं मुंबईला जायचे, दिवसभर नागदेवी स्ट्रीट पालथी घालायचे आणि त्याच गाडीनं परत. गिऱ्हाइकाचं मागणंही ठरलेलं, "शेठ, दणकट द्या." दणकट म्हणजे जाड. तीन सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तुटला तर चार सुताचा घ्या, भोक वाढवा, विषय संपला.

मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे वाचायला शिकलो होतो आणि ते कधी एकदा कुणाला ऐकवतो असं मला झालं होतं. ४.६ म्हणजे साधा, ८.८ म्हणजे हायटेन, जास्त ताण सोसणारा. पहिल्या आकड्याला शंभरानं गुणा, तेवढे न्यूटन दर चौरस मिलिमीटरला ताण सोसतो. दहा एमएमचा साधा बोल्ट सव्वादोन टनांच्या वर धरतो, ८.८ त्याच्या दुप्पट. जाडी तीच, भोक वाढवायची गरज नाही.

सोयाबीनच्या मळणीत एक शेतकरी काका आले. ट्रॅक्टरवरच्या मळणीयंत्राच्या शाफ्टमधला बोल्ट दोन दिवसांआड तुटत होता. मी १०.९चा काढून दिला आणि म्हणालो, "काका, आता शाफ्ट तुटंल, पण हा तुटणार नाही." चौथ्या दिवशी ते गोणपाट घेऊन आले आणि काउंटरवर उलटं केलं. गिअरबॉक्सचे दात होते. अण्णांनी एक दात बोटांत फिरवून पाहिला आणि मला विचारलं, "कुठं लावायचाय, हे इचारलं होतंस का?" तो शिअर बोल्ट होता. यंत्रात काही अडकलं की आधी त्यानं तुटायचं, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. मुद्दाम कच्चा ठेवलेला. निम्मा खर्च आम्ही दिला. ती रक्कम अण्णांनी माझ्या नावावर उधारीच्या वहीत लिहिली, आणि ती तिथंच आहे.

तेव्हापासून दुकानाचा एकच नियम: तुटका तुकडा घेऊन या. काउंटरवरचा पत्र्याचा डबा अशा तुकड्यांनी भरलाय. तुटलेलं तोंड उजेडात धरलं की बरंच कळतं. अर्धा भाग घासून गुळगुळीत, त्यावर लाटांसारख्या रेघा आणि उरलेला खरबरीत दिसला, तर बोल्ट एका झटक्यात गेलेला नसतो. बहुतेक वेळा तो ढिला होता, हादरे खात महिनोन् महिने चिरत गेला. तिथं जाड बोल्ट देऊन उपयोग नाही. नायलॉक नट द्यायचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं सहसा ढिला न होणारा, आणि नीट आवळायला सांगायचं. सायलेन्सरसारख्या तापणाऱ्या जागी मात्र नायलॉक नको, आतलं नायलॉन वितळतं.

सूत आणि एमएमची खिचडी अजून सुटलेली नाही. जुन्या अवजारावर तीन सुताचा बोल्ट असतो, घरात दहा एमएमचा नट सापडतो, आणि तो चढल्यासारखा वाटतो. पण आट्यांचं अंतर वेगळं. वरवर धरतो, जोर आला की सटकतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी नट बोटानं शेवटपर्यंत फिरवून बघा.

घरकामात सगळ्यात जास्त तक्रारी पत्र्याच्या. मे महिन्यात वावटळ उठली की दुसऱ्या दिवशी दुकानात रांग. हूक नालीत मारलेला असतो, तिथूनच पाणी गळतं, तिथूनच गंजतं. नालीदार पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडायचं. स्क्रूखालचा काळा रबरी वायसर चपटा होऊन बाहेर डोकावेपर्यंत आवळायचा नाही. काही मिस्त्री तो तसाच आवळतात आणि वर आमच्या मालाला नाव ठेवतात.

भिंतीचं तर विचारूच नका. अँकर फास्टनर काँक्रीटमध्ये फुगून धरतो, पण भोकातली भुकटी फुंकून काढली तरच. गावाकडच्या माळवदाच्या घरात दगडाला मातीचा गिलावा असतो. तिथं अँकर फुगतो आणि माती सरकते. अशा भिंतीला फळी लावायची तर आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी. आणि लेकराच्या झोक्याला मी भिंत ऐकूनच घेत नाही, तुळई असेल तरच बोला.

बोअरच्या पाण्यात साध्या झिंकचा मुलामा टिकत नाही, तिथं स्टेनलेस महाग असूनही परवडतो. फक्त त्याचे आटे कोरडे आवळले की जागीच जाम होतात, मग करवतीशिवाय निघत नाहीत. थोडं ग्रीस लावा.

सध्या मुलगा दुकान बघतो. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, तो दहादा समजावतो की फोटोत आटे मोजता येत नाहीत. ते मळणीवाले काका अजून येतात. परवा दिवाळीआधी आले. काउंटरवर एक नवखं गिऱ्हाईक "सगळ्यात दणकट कोणता?" विचारत उभं होतं. काका मागून ओरडले, "शेठ, मला धा कच्चे द्या!" तो माणूस वळून बघतच राहिला.