भूगोलाच्या सरांचा फळा आणि कारवी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर सगळे मागे लागलेत. स्नेहसंमेलन, कबड्डी, सहल यावर बाकीचे लिहितीलच, मी सरळ भूगोलाच्या सरांच्या फळ्यावर येतो. इतर शाळांत ऑफिसबाहेर सुविचार असतो, आपल्याकडे सर रोज एक अचाट गोष्ट लिहायचे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा. १८९६ मधे ब्रिटिश आणि झांझिबारचं युद्ध पाऊण तासाच्या आत आटोपलं, म्हणजे आपल्या गणिताच्या तासाएवढंच, आणि हरणाऱ्यांची अवस्थाही साधारण तीच!

एकदा फळ्यावर आलं, 'शाळेमागच्या डोंगरावर वर्षं मोजणारं झुडूप आहे.' ते निघालं कारवी. आता कारवी आमच्या घराच्या कुडाला होती, शेणामातीने लिंपलेली, तिचं काय कौतुक असं वाटलं. पण सर म्हणाले, अरे ही सात वर्षं नुसती वाढते, मग आठव्या वर्षी पावसाळा सरता सरता डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा करते, आणि बी धरलं की सगळी एकजात मरून जाते. वाळलेली बोंडं झाडावर तशीच राहतात, पुढच्या पावसात भिजली की तडकतात आणि बी लांब उडतं. सरांनी वर्गात वाटीभर पाण्यात बोंडं टाकून दाखवली, आम्ही सगळे डोकी खुपसून बघतोय, बराच वेळ काही नाही, मागच्या बाकावरून कुजबुज सुरू, आणि मग टक्! पहिल्या रांगेतल्या मुली किंचाळल्याच.

मग एवढी वर्षं थांबून सगळ्यांनी एकदम का फुलायचं? तर बी खाणारे उंदीर, पाखरं, किडे खाऊन खाऊन किती खाणार, त्यांचं पोट भरून उरतं ते रुजतं. हिशोब पक्का आहे. फक्त उंदरांनीही हिशोब केला तर काय होतं ते मिझोराममधे दिसलं. तिथला बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो, १९५९ च्या सुमारास फुलला, बी खाऊन उंदीर बेसुमार वाढले, बी संपल्यावर भातशेतीवर तुटून पडले आणि दुष्काळ पडला. म्हाताऱ्यांनी आधीच सांगितलं होतं पण सरकारने मनावर घेतलं नाही. दुष्काळात मदतीसाठी लालडेंगांनी काढलेली संघटना पुढे वेगळा देश मागणारी मिझो नॅशनल फ्रंट झाली, १९६६ ला तिचं बंड, ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाचे बाँब, आणि केंद्र सरकारशी समझोता व्हायला १९८६ उजाडलं. बांबूच्या फुलांवरून एवढं सगळं! सरांनी हे सांगितलं त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठलं नव्हतं, आणि आपला वर्ग कसा होता ते तुम्हाला माहितीच आहे.

पुढे २००६-०७ ला तो बांबू ठरल्याप्रमाणे परत फुलला. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कारवी २०१६ ला आणि मग २०२४ ला फुलली, मी लोकलने जाऊन बघून आलो. शेजारच्या डोंगराचं वर्ष वेगळं असू शकतं, त्यामुळे गावाकडची कधी आहे ते कोणीतरी चौकशी करून सांगा. कारवीची नातेवाईक नीलकुरिंजी मात्र १२ वर्षांनी येते, केरळात मुन्नारला २०१८ ला होती, म्हणजे आता २०३०. बॅचचं गेट-टुगेदर तिकडेच करायचं म्हणतोय, कोण कोण येणार ते ग्रुपवर टाका, तेव्हा हॉटेलं मिळणार नाहीत.