फोर्ट द झू: तुसाँ लुव्हर्त्युरची कोठडी बघायला जाणार असाल तर

स्वित्झर्लंडला आलेले आपले लोक टिटलिस, युंगफ्राउ करून परत जातात, पण लोझानहून कारने तास-सव्वा तासावर, बॉर्डर ओलांडली की फ्रान्समध्ये पाँतार्लिएजवळ हा किल्ला आहे, रस्ता त्याच्या अगदी पायथ्यातूनच जातो. हैतीच्या क्रांतीचा सेनापती तुसाँ लुव्हर्त्युर इथे मेला.

थोडं वाचून जा, नाहीतर नुसत्या भिंती दिसतील. हैती तेव्हा फ्रान्सची उसाची वसाहत होती, तुसाँ तिथे गुलाम म्हणूनच जन्मला, मळ्यावर घोडागाडी हाकायचा. १७९१ ला गुलामांचा उठाव झाला तेव्हा हा पन्नाशीच्या घरातला, आधी स्पेनकडून लढला, १७९४ ला फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली त्या सुमारास फ्रान्सकडे आला आणि १७९८ पर्यंत तिथे घुसलेल्या इंग्रजांना हाकलून मोकळा. मग १८०१ ला स्वतःची राज्यघटना करून तहहयात गव्हर्नर झाला, ते नेपोलियनला झोंबलं. बहिणीचा नवरा लक्लेर याला फौज देऊन पाठवलं, आणि जून १८०२ मध्ये बोलणीच्या निमित्ताने बोलावून तुसाँला चक्क दगा देऊन पकडलं.

ऑगस्टमध्ये इथे आणला. कोठडी कमानीच्या छताची, खिडकी विटांनी जवळजवळ बुजवलेली, कोपऱ्यात शेकोटी. नेपोलियनला त्याने आपली बाजू लिहून पाठवली, उत्तर नाही. उलट सोबतचा नोकर काढून घेतला, जळणावरही काटकसर. ७ एप्रिल १८०३ ला शेकोटीजवळच खुर्चीत मेलेला सापडला. माझ्या मते थंडीनेच मारलं त्याला, आणि मारायचंच होतं, कॅरिबियनमधला म्हातारा माणूस जुराच्या डोंगरात कोण उगाच ठेवतं? पुढच्याच वर्षी १ जानेवारीला हैती स्वतंत्र झालं ते त्याला बघायला मिळालं नाही.

आता कामाचं. हिवाळ्यात किल्ला बंद असतो, तारखा साइटवर बघून निघा. कोठडी गाइडेड टूरमध्ये बघायची, गाइड बहुतेक फ्रेंचमध्येच बोलतात, इंग्रजीचं आधी विचारा. बरेच जण तोफा आणि खोल विहीर बघायला येतात, कोठडीत ग्रुप फार थांबत नाही, म्हणून आत पुढे रहा. उन्हाळ्यातही जॅकेट हवंच, आत गारठा असतो. चढ-पायऱ्या भरपूर, बाबागाडी नको, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. कार नसेल तर ट्रेनने पाँतार्लिए आणि पुढे टॅक्सी. पासपोर्ट जवळ ठेवा, बॉर्डरवर कधी कधी विचारतात.

पॅरिस करणार असाल तर पाँथिऑनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोर माणसांच्या स्मारकात, भिंतीवर त्याच्या नावाचा लेख आहे, १९९८ ला लावलेला, तोही बघून घ्या.