इलेक्ट्रिक स्नोब्लोअर आणि बफेलोचा हिवाळा: माझा अनुभव

लेक ईरी या मोठ्या तळ्यावरून वारा सुटला की अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या बफेलोत स्नो असा येतो की एका गावात कंबरेएवढा आणि थोडं पुढे गेलं की चक्क ऊन. नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळच्या ऑर्चर्ड पार्कला ८० इंचांच्या आसपास पडला होता. शॉवल (बर्फाचं फावडं) मारून मारून नवऱ्याची कंबर धरली तेव्हा म्हटलं आता बास, स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ आत ओढून लांब फेकणारं मशीन घेऊ. पेट्रोलचं नको होतं, तो वास, ते ऑइल, कोण बघणार. ड्राइव्हवे दोन गाड्यांपुरताच, म्हणून इलेक्ट्रिक, तेही वायरवालं घेतलं.

आता वायर. घरातली बारीक एक्स्टेंशन लावायची नाही म्हणजे नाही. ती तापते आणि मोटरला पुरेसा करंट मिळत नाही. आम्ही बाहेर वापरायची जाड, १२ गेजची घेतली आणि प्लग जीएफसीआयवाल्या, म्हणजे करंट गळाला की लगेच बंद होणाऱ्या सॉकेटमध्येच. सुरुवात सॉकेटजवळून करायची आणि लांब लांब जायचं, म्हणजे वायर कायम आपल्या मागे, साफ झालेल्या भागात राहते. मी ती खांद्यावरून घेते. मफलर मात्र जॅकेटच्या आत, लोंबता नको.

खरी परीक्षा असते ओल्या स्नोची. तापमान शून्याच्या जरा वर गेलं की तो गिच्च साबुदाण्यासारखा होतो आणि च्यूटमध्ये, म्हणजे स्नो बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात, अडकून बसतो. मोटरचा आवाज जड होतो, बाहेर पडणारी धार बारीक होत जाते आणि मग बंदच. एकदा नवरा ग्लोव्ह घालून हात आत घालायलाच निघाला होता, मी ओरडले, "अरे थांब!" तर म्हणे, "अगं, स्विच बंद केलाय ना." स्विच बंद करून भागत नाही! हँडल सोडायचं, प्लग उपसायचा, ऑगर (स्नो आत ओढणारी फिरती पाती) पूर्ण थांबू द्यायचा आणि मग काठीने काढायचं, कारण आत दाबून बसलेला स्नो सुटला की पाती अचानक हलू शकतात. हात कधीच नाही, प्लग काढलेला असला तरी नाही. सुरू करण्याआधी च्यूटला सिलिकॉन स्प्रे मारला तर चिकटणं बरंच कमी होतं.

माझ्या मते इलेक्ट्रिकवाल्यांनी आळस करायचाच नाही. सगळा पडून होईपर्यंत थांबलात तर मशीन रडतं, म्हणून चारेक इंच साचला की एक फेरी, मग परत. ड्राइव्हवेच्या मधल्या पट्ट्यापासून सुरू करून दोन्ही बाजूंना फेकायचा, पण शक्यतो वाऱ्याच्या दिशेने, नाहीतर सगळा आपल्याच तोंडावर. शेजाऱ्याच्या गाडीकडे च्यूट नको, खडा उडाला तर काच गेली. पायपुसणं आणि पेपर आधीच उचलून ठेवा.

रस्ता साफ करणारा प्लाऊ ट्रक येऊन ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ढीग लावून जातो तो मात्र मशीनचं काम नाही. गोठलेले गोळे असतात, आधी शॉवलने फोडायचे, मग थोडे थोडे मशीनला द्यायचे. रस्त्यावर फेकायला इथे बंदी आहे, ते मनातही आणू नका.

बॅटरीवालं घेणार असाल तर बॅटरी घरात ठेवा, गोठलेल्या गराजमध्ये चार्ज करू नका. आणि काम झाल्यावर मशीन थोडा वेळ रिकामं फिरवा, आतला स्नो निघून जातो, नाहीतर रात्रीत ऑगर गोठून बसतो. आम्ही ते एप्रिल उलटेपर्यंत दाराशीच ठेवतो, इथल्या हवेचा काय भरवसा.