मे महिन्यातला वार्ताफलक

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता सदाशिव पेठेतल्या एका शाळेचे फाटक उघडते, सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात आणि आमच्या छोट्याशा चित्रमंडळाचा वार्षिक मेळावा सुरू होतो. मी या मेळाव्याला पहिल्यांदा गेलो तो १९८६ साली, सातवीची परीक्षा संपल्यावर. त्यानंतर नोकरीनिमित्त परगावी काढलेली तीन वर्षे वगळली, तर मेळावा भरला आणि मी तेथे नव्हतो असे झालेले नाही. सभागृहात शिरताच डाव्या हाताला एक फळा उभा असतो. त्याला आम्ही वार्ताफलक म्हणतो. वर्षभरात आपल्या शहरात व्यंगचित्र, चित्रकथा आणि ॲनिमेशन यांच्या संदर्भात जे काही घडले असेल, ते रंगीत खडूंनी त्या फळ्यावर लिहायचे आणि मेळाव्याच्या आरंभी एकाने ते मोठ्याने वाचून दाखवायचे, ही पद्धत आमच्या चित्रकलेच्या सरांनी घालून दिली. ऐकीव बातमी लिहायची नाही, स्वतः पाहिलेल्या प्रदर्शनाची किंवा छापून आलेल्या मजकुराचीच नोंद करायची, असा त्यांचा दंडक होता. नोकरी सांभाळून पुढे अनेक वर्षे तो फळा लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, आणि ते मी अत्यंत आवडीने केले.

मेळावा मे महिन्यात ठेवण्याचे कारण साधे होते. मुलांना सुट्टी असे आणि शाळेचे सभागृह रिकामे मिळे. न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात ५ मे १८९५ रोजी पुढे ‘यलो किड’ या नावाने गाजलेला व्यंगचित्रातला मुलगा रंगीत छापला गेला आणि त्याच तारखेला पुढे जगभर व्यंगचित्रकारांचा दिवस मानण्याची प्रथा पडली, हे आम्हांला फार नंतर समजले. ते समजले त्या वर्षी सरांनी फळ्याच्या मधोमध पिवळ्या खडूने तो टकला, मोठ्या कानांचा मुलगा काढला होता आणि त्याच्या पायघोळ डगल्यावर मेळाव्याचा कार्यक्रम लिहिला होता.

सकाळच्या पहिल्या दोन तासांत चित्र काढण्याचे प्रात्यक्षिक असे, आणि माझ्या मते सगळ्या मेळाव्याचा प्राण तेथे होता. छापील चित्र आपण नेहमी पूर्ण झालेलेच पाहतो. ते कागदावर उतरत असताना पाहण्याची संधी क्वचितच मिळते. एका वर्षी आलेल्या पाहुण्या चित्रकारांनी भिंतीवर तपकिरी कागदाचा मोठा ताव लावला, जाड कुंचला काळ्या शाईत बुडवला आणि एक अक्षरही न बोलता कावळा काढायला घेतला. पहिली रेघ पाठीची, चोचीपासून शेपटीपर्यंत न उचललेली; दुसरी छातीची; मग मान किंचित वळवणारा एक छोटा फटकारा. डोळ्याचा ठिपका त्यांनी अगदी शेवटी ठेवला आणि तो पडताक्षणी कावळा आमच्याकडे पाहू लागला. मी मोजले होते, सात फटकाऱ्यांत कावळा पुरा झाला. त्यानंतर त्यांनी आर. के. लक्ष्मण यांना कावळ्यांचे किती वेड होते आणि त्यांनी आयुष्यभर किती कावळे रेखाटले, ते सांगितले. घरी जाऊन मी जुन्या वहीची सगळी कोरी पाने कावळ्यांनी भरून टाकली. त्यांतला एकही माझ्याकडे पाहत नव्हता, परंतु रेघ कोठे थांबवायची याचा विचार त्या दिवसापासून माझ्या हाताला लागला.

दुपारच्या जेवणाचा डबा प्रत्येकाने घरून आणायचा असे. मंडळाकडून फक्त पन्हे मिळे. जेवण झाल्यावर मुले जुन्या अंकांच्या टेबलाभोवती गोळा होत. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक, त्यांतला कवटीच्या गुहेत राहणारा वेताळ, चांदोबाचे कोपरे झिजलेले अंक आणि अमर चित्र कथेची पुस्तके तेथे मांडलेली असत. वाचायला बंदी नव्हती, पण पान उलटण्यापूर्वी हात धुऊन पुसावे लागत. अमर चित्र कथेतल्या अनेक अंकांची चित्रे प्रताप मुळीक यांनी काढली आहेत आणि ते आपल्या पुण्याचेच आहेत, हे मला या टेबलापाशी कळले. तोवर ही पुस्तके कुठल्यातरी दूरच्या मोठ्या कारखान्यात तयार होत असावीत, अशी माझी समजूत होती. त्या घोड्यांच्या आयाळी आणि त्या किल्ल्यांचे बुरूज आपल्याच गावातल्या एका माणसाने टेबलाशी बसून रेखाटले, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने फार मोठी होती.

फळ्यावरच्या बातम्यांकडे आज मागे वळून पाहिले की काही वर्षे ठळकपणे डोळ्यांसमोर उभी राहतात. नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’ या दैनिकात ‘चिंटू’ ही चित्रमालिका सुरू झाली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा मुलगा पुण्यातल्याच एखाद्या वाड्याशेजारच्या सोसायटीत राहत असावा, असे वाटण्याइतका तो आमच्या ओळखीचा होता. १९९२ च्या मेळाव्यात मुलांनी सहा महिन्यांची कात्रणे तारखेप्रमाणे लावून एक लांबलचक पट्टी तयार केली आणि ती सभागृहाच्या तीन भिंतींवरून फिरवली. मिनी, पप्पू, बगळ्या आणि राजू यांच्यापैकी आपण कोण, यावरून सतरंजीवर बराच वेळ चर्चा चालली होती. रोज सकाळी तीन-चार चौकटींत एक छोटा प्रसंग पूर्ण करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदापाशी बसायचे, हे काम किती शिस्तीचे आहे, ते ती सलग पट्टी पाहताना समजले. कारण कोणत्याही एका दिवशी चित्रकाराचा हात सैल पडलेला दिसत नव्हता.

पुढे सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारात लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा उभा राहिला. त्याची बातमी फळ्यावर लिहिताना सरांनी मला बजावले, की ‘सामान्य माणसाचा पुतळा’ एवढेच लिहून भागणार नाही, त्याचा चौकड्यांचा कोट आणि धोतर फळ्यावर दिसले पाहिजे. मी पांढऱ्या खडूने चौकडी काढत बसलो. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वर्षानुवर्षे एक शब्दही न बोलता उभा असलेला हा माणूस आता आपल्या गावात कायमचा राहायला आला आहे, असे वाचून दाखवताना माझा आवाज जड झाला होता. लक्ष्मण यांचे अखेरचे वास्तव्य पुण्यातच होते आणि २६ जानेवारी २०१५ रोजी ते येथेच गेले. अंत्यदर्शनासाठी त्यांना त्याच पुतळ्यापाशी आणले, तेव्हा आमच्या मंडळातले आठ-दहा जण रांगेत होते. त्या वर्षीच्या मेळाव्यात वार्ताफलकावर दुसरी कोणतीही बातमी आम्ही लिहिली नाही.

व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर यांचे प्रदर्शन बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात लागले की ते पाहून येऊन त्यातल्या एका चित्राविषयी पाच ओळी लिहायच्या, हा मंडळातल्या मुलांचा ठरलेला पाठ होता. त्यांच्या पुष्कळशा चित्रांना शब्दच नसत, त्यामुळे पाच ओळी लिहिण्यासाठी चित्रापुढे दीर्घ काळ उभे राहावे लागे, आणि सरांचा हेतूही तोच होता. दिवाळीच्या दिवसांत नळ स्टॉप चौकात उभे राहून, वाहतुकीचे नियम पाळा असे सांगणारी स्वतः काढलेली भेटकार्डे ते वाहनचालकांच्या हाती देत. मला असे एक कार्ड सिग्नलला मिळाले आणि पुढच्या मेळाव्यात ते आम्ही फळ्याच्या चौकटीत खोचून ठेवले. व्यंगचित्राने समाज सुधारतो का, यावर मोठमोठ्या सभांमध्ये वाद होतात; कडेला धूर आणि गोंगाट असताना तासन्‌तास उभे राहून कार्डे वाटणाऱ्या त्या वयोवृद्ध चित्रकारांनी आपले उत्तर कृतीने दिले होते, असे मला मनापासून वाटते. जुलै २०१७ मध्ये ते गेले.

मेळाव्याची अखेर नेहमी पडद्यावर होई. सरांनी एका संस्थेकडून सोळा मिलिमीटरचा एक प्रोजेक्टर आणि फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाची एक-दोन रिळे उसनी आणलेली असत. १९५६ साली सुरू झालेल्या या विभागात, डिस्ने स्टुडिओत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकून राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर तयार झाले, हा इतिहास ते रीळ चढवता चढवता सांगत. पुण्याचा दुवाही ते सोडत नसत. प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली ‘जंबू काका’ हा ॲनिमेशनपट केला, तो येथील स्टुडिओत, जेथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

एका वर्षी, मी नववीत असताना, फिल्म मध्येच अडकली. पडद्यावरचा पक्षी पंख उचललेल्या अवस्थेत थांबला, त्याच्या पोटाशी तपकिरी डाग उमटला, तो पसरला आणि दिव्याच्या उष्णतेने चित्र वितळून पडदा पांढरा झाला. सभागृहात शांतता पसरली. प्रोजेक्टर चालवणाऱ्या काकांनी जळलेला भाग कापून दोन्ही टोके जोडली; त्याचा भुर्दंड नंतर मंडळाने वर्गणी काढून भरला. कापलेला दोन बोटांएवढा तुकडा मात्र सरांनी आमच्या हाती दिला. आम्ही तो खिडकीच्या उजेडात धरून पाळीपाळीने पाहिला. एका फूट लांबीत चाळीस चौकटी मावतात, म्हणजे आमच्या हातातल्या त्या तुकड्यात पाच-सहाच होत्या. पहिल्या दोन चौकटी हुबेहूब सारख्या, तिसरीत पंखाचे टोक खसखशीच्या दाण्याएवढे वर, चौथी पुन्हा तिसरीसारखीच. सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात आणि बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणून सेकंदाला बारा चित्रे काढावी लागतात, हे सरांनी पूर्वी कितीतरी वेळा सांगितले होते. ते मला खऱ्या अर्थाने कळले ते त्या खिडकीपाशी. तो तुकडा अजून माझ्या कंपासपेटीत आहे. त्याचा एक कोपरा पिवळसर तपकिरी झाला आहे.

पुढे प्रोजेक्टर गेला आणि मुलांच्या घरोघरी डिजिटल कॅमेरे आले, तेव्हा सरांनी मेळाव्याला एक नवे वळण दिले. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढण्यासाठी भांडवल मिळावे म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तयार केला होता आणि नंतर काड्या एकेक करून हलवत ‘आगकाड्यांची मौज’ही केली होती. हे दोन्ही प्रयोग घरच्या साधनांनी होण्यासारखे आहेत, तेव्हा ते मुलांनी करून आणावेत, अशी त्यांची सूचना होती. चौथीतल्या दोन बहिणींनी स्टीलच्या वाटीत ओल्या कापसावर मूग ठेवले आणि दहा दिवस, दिवसातून दहा वेळा, एकाच जागेवरून छायाचित्रे घेतली. शंभर छायाचित्रांचा आठ सेकंदांचा चित्रपट झाला. त्यात मुगाचे टरफल फाटते, पांढरा कोंब बाहेर येऊन खाली वळतो, मग सगळी दले मान वर काढून खिडकीकडे कलतात. चौथ्या दिवशी आजींनी कट्टा पुसण्यासाठी वाटी उचलली आणि पुन्हा ठेवताना ती बोटभर सरकली, त्यामुळे चित्रपटात त्या जागी सगळे मूग एकदम उडी मारतात. मुलींना तो भाग काढून टाकायचा होता. सरांनी तो तसाच ठेवायला सांगितला आणि आजींना पुढच्या रांगेत खुर्ची दिली. सभागृहाच्या आग्रहावरून तो चित्रपट त्या दिवशी सहा वेळा दाखवावा लागला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये राम मोहन गेले. ‘एक अनेक और एकता’ या १९७४ सालच्या, आमच्या पिढीने दूरदर्शनवर पाहिलेल्या ॲनिमेशनपटाच्या दिग्दर्शिका विजया मुळे त्याआधी मे महिन्यात गेल्या होत्या, पण त्या वर्षीचा मेळावा तोवर होऊन गेला होता. या दोन्ही बातम्या मी २०२० च्या फळ्यासाठी वहीत लिहून ठेवल्या होत्या. तो मेळावा टाळेबंदीमुळे भरलाच नाही, पुढच्या वर्षीचाही भरला नाही. त्याच दोन वर्षांच्या खंडात सर गेले. २०२२ साली आम्ही पुन्हा जमलो तेव्हा सर्वप्रथम ती वही उघडून राहिलेल्या बातम्या फळ्यावर उतरवल्या आणि त्याखाली सरांचे नाव लिहिले. वाचून दाखवण्याचे काम मला जमले नाही. ते त्या मुगाच्या चित्रपटातल्या थोरल्या बहिणीने केले. ती आता ॲनिमेशनचेच शिक्षण घेत होती.

२०२५ च्या मेळाव्यात मुख्य बातमी येणाऱ्या दिवसांची होती. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस २९ जुलैला शंभर वर्षांचे होणार होते. आमच्या पिढीला ते प्रथम भेटले ते बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात. बेरीज-वजाबाकीच्या पानावर त्यांनी काढलेली माणसे, प्राणी आणि फुगे असत, आणि त्यांच्यामुळे गणिताचे पुस्तक उघडण्याची भीती वाटत नसे. ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावरचे त्यांचे ते प्रसिद्ध चित्र, ज्यात बाईंच्या साडीवर उंदीर आहेत आणि शेजारच्या गृहस्थांच्या शर्टावर मांजरे, आम्ही टेबलावर मधोमध ठेवले होते. फळा लिहिण्याची पाळी आता दहा-बारा वर्षांच्या मुलांची असते. त्यांनी मला विचारले, की फडणीसांच्या चित्रांत शब्द नसतात, तर त्यांची बातमी शब्दांनी का लिहायची? मग त्यांनी फळ्यावर एक मोठा केक काढला, त्यावर शंभर मेणबत्त्या एकेक मोजून उभ्या केल्या, आणि एका टोकाला मांजर व दुसऱ्या टोकाला उंदीर, दोघेही गाल फुगवून फुंकर मारण्याच्या तयारीत, असे चित्र पुरे केले. मी वाचून दाखवण्यासाठी उभा राहिलो होतो. सभागृह फळ्याकडे पाहून हसू लागले, तेव्हा मी माझ्या जागी जाऊन बसलो.