क्लचमधली अडलेली हवा

गाडी जागची हलेना, म्हणून मला थेट घरी बोलावले होते. मालकांनी क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा भाग) स्वतःच बदलला होता आणि जोडणीत नाव ठेवायला जागा नव्हती. पण पेडल दाबले की ते तळाशी जाऊन तिथेच पडून राहत होते आणि इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नव्हता. आतली हवा काढण्यासाठी मालकांनी पेडल दाबून धरायचे, मुलाने स्लेव्हवरचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करायचा, ऑइल आले की तो आवळायचा आणि मगच पेडल सोडायचे, हा क्रम दोघांनी काटेकोरपणे पाळला होता.

मास्टर सिलिंडर (पेडलकडचा, ऑइल ढकलणारा), जोड आणि स्लेव्हचा रबरी बूट कोरडे होते, म्हणजे गळती नव्हती. खरी अडचण पाइपच्या वाटेत होती. तो गिअरबॉक्सवरून कमानीसारखा वर चढून मग स्लेव्हकडे उतरत होता. पेडलच्या एका दाबाने सरकणारे ऑइल इतके थोडे असते, की कमानीत अडकलेली हवा जेमतेम खाली येई आणि निपलपर्यंत पोहोचण्याआधीच पुन्हा वर चढे.

हवेला वरच जायचे असेल तर तिला वरूनच काढावे, असे मी ठरवले. क्लचच्या ऑइलच्या टाकीतले थोडे ऑइल उपसले, कारण ते ओसंडून सांडले तर रंग खाते. मोठ्या सिरिंजमध्ये नवे डॉट ४ (ब्रेक-क्लचचे ऑइल) भरून, नळीतली हवा काढून, नळी निपलला लावली. मालकांकडची अर्धी बाटली बरेच दिवस उघडी होती, ती मी बाजूला ठेवली. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि टाकी ब्रेकलाही सामाईक असल्याने तिथे धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. नव्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो.

मुलाला पेडल हाताने वर धरायला सांगितले, कारण ते पूर्ण वर असल्याशिवाय मास्टर सिलिंडरमधले टाकीकडचे छिद्र उघडत नाही. मग निपल सैल करून सिरिंज अगदी सावकाश दाबली. टाकीत आधी काळसर ऑइल आले, पाठोपाठ एक मोठा बुडबुडा फुटला, आणि नंतर बारीक फेसाची रांग बराच वेळ चालू राहिली. ती थांबल्यावर निपल आवळला.

पेडल आता वरूनच घट्ट लागत होते. तरी मी रिव्हर्स टाकून पाहिला. बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रोनायझर (गिअरचे वेग जुळवणारा भाग) नसल्याने क्लच अर्धवट सुटत असेल तर तो लगेच करकरतो. तो निमूटपणे पडला.